टिकली, दोरा, बूच

‘मंगळसूत्र काढा’ असं आमच्या कंपनीत कोणी म्हणायचं नाही. ‘मणी माहेरी पाठवा’ म्हणायचं. हा अनुसयाताईंचा कायदा होता. एकदा एका नव्या सुपरवायझरने घाईत ‘चला, मंगळसूत्रं काढा पटापट’ म्हटलं, तर त्या कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. “तुझ्या आयशीला जाऊन सांग तसं,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ते पोरगं ‘माहेरी, माहेरी’ करत फिरायला लागलं.

आम्ही काय बनवायचो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदयाची तपासणी करताना डॉक्टर जांघेतल्या धमनीत सुई घालतात आणि तिथून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात. तपासणी झाली, नळी काढली, की धमनीला भोक उरतं. धमनीच ती, रक्त उसळणारच. मग कोणीतरी ते बोटांनी दाबून धरायचं, वर वाळूची पिशवी ठेवायची आणि माणसाने पाय न वाकवता तासन्‌तास उताणं पडून राहायचं. हे सगळं टाळायला आमची वस्तू. तिचे भाग तीन. तांदळाच्या कणीएवढी चपटी पांढरी पट्टी, ती आतून भोकाला टेकते. बाहेरून स्पंजासारखा बोळा. आणि दोघांना जोडणारा दोरा, त्याला सरकगाठ. दोरा ओढला की पट्टी आणि बोळा एकमेकांना चिकटतात आणि भोक मधल्यामधे बंद. पुढे काही महिन्यांत सगळं अंगातच विरघळतं. इंग्रजी नाव लांबलचक होतं. आमच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं टिकली, दोरा, बूच करून टाकलं. बूच कुठल्या जनावराच्या कातड्यापासून बनवतात हे विचारायचं नाही, असंही सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुरबाडच्या एमआयडीसीत ही कंपनी आली. बोटं बारीक हवीत, नजर चांगली हवी, आणि पगार कमी घेणारी माणसं हवीत, म्हणून बायका. टोकावडे, सरळगाव, धसई अशा बाजूच्या गावांतून कंपनीची गाडी त्यांना गोळा करून आणायची. मी शहापूरची. एसटीने किन्हवलीवरून यायचे. माझं काम तपासणीचं. त्यांनी बांधलेला प्रत्येक नग भिंगाखाली धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं. तिशी उलटली होती, लग्न जमत नव्हतं, आणि नापास करायची नोकरी. स्वभाव मुळातला कुसकट होताच, त्याला खतपाणी मिळालं.

पहिल्या दिवशी पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने नियम वाचून दाखवले. क्लीनरूममध्ये धुळीचा कणसुद्धा चालत नाही. म्हणून पावडर नाही, कुंकू नाही, टिकली नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही. हे ऐकून निम्म्या बायका उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. बांगड्या उतरवायच्या, कुंकू पुसायचं, गळा मोकळा करायचा, म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. त्या इंजिनिअरला मात्र होती. तो म्हणाला, “अहो, कुंकू म्हणजे पार्टिकल असतात.”

“म्हंजे कचरा?” मागून आवाज आला. उंच, काळी, रुंद खांद्यांची बाई. दातांना मिसरी. “आमच्या कपाळावर कचरा हाय का रे दादा?”

त्या अनुसयाताई. दादाचा चेहरा पडला. ताई उठलेल्या बायकांकडे वळल्या. “बसा गो. पगार सोडून घरी जाऊन काय उखडणार हाव? लग्नानंतर आपण कधी माहेरी गेलो नाय का? नवऱ्याला सोडून गेलो म्हणून नवरा मेला का? आपण जातो, तसे मणी जातील. सकाळी माहेरी, संध्याकाळी सासरी. झालं.”

बायका हसल्या. पण एक म्हातारीशी होती ती म्हणाली, “संध्याकाळी घालायचं कोणी? आपलं आपण?”

“आपलं आपण कशाला? लग्नात आपण घातलं होतं का? दुसरीने घालायचं.”

“पण दुसरीचा पण गळा मोकळाच ना गो!”

हे मात्र खरं होतं. मोकळ्या गळ्याच्या बाईने मोकळ्या गळ्याच्या बाईला मंगळसूत्र घालायचं, हे कोणाच्याच गळी उतरेना. ताईंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

“ही हाय की. हिचं अजून काय काढायचंच नाय.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! तिशी उलटलेल्या बाईचं लग्न झालं नाही हे नोकरीच्या पहिल्या दिवशी चारचौघीत जाहीर, आणि त्यावरून तिला काम लावलेलं. मी तोंड वाकडं करून म्हटलं, “मी तपासणीला आहे, पुजारीण नाही.” ताई म्हणाल्या, “मग तपासून घाल.”

आणि मी घालायला लागले. रोज संध्याकाळी पाळी सुटली की बायका पांढरे अंगरखे उतरवून कपडे बदलायच्या खोलीत रांगेने उभ्या राहायच्या. जिची तिची स्टीलची डबी, झाकणावर ओळखीची खूण. मी डबी उघडून मंगळसूत्र डोक्यावरून गळ्यात घालायचे आणि त्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं. तेही ताईंचंच. नुसतं घालून पुढे गेलं तर त्यांना चालायचं नाही. उखाणा हवा. “दिवसभर गळ्यात नव्हता तो बाबा. त्याला हाक नको मारायला?”

त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव काशिनाथ. त्यामुळे त्यांच्या उखाण्यांत भाताला तोटा नव्हता. ‘सिद्धगडाच्या पायथ्याला पिकतो झिनी भात, गाडी लेट आली की वाटंवर उभे काशिनाथ.’ ‘टिकलीत ओवला दोरा, गाठीवर ठेवला हात, मी बसले एसीमंधी, उन्हात काशिनाथ.’ एकदा चिडलेल्या होत्या तेव्हा, ‘डाळ करपली, भाजी करपली, करपला सगळा भात, बोंबलाच्या वासाला पळत आले काशिनाथ.’ बायका भिंतीला टेकून हसायच्या. ताई सगळ्यांत शेवटी उभ्या राहायच्या. रांगेत शेवटची मान त्यांची.

हे काशिनाथराव मी पाच-सहा वेळाच पाहिले असतील. ताई डबा विसरल्या की ते सायकलवरून घेऊन यायचे, वॉचमनच्या हातात द्यायचे आणि फाटकासमोरच्या जांभळाच्या झाडामागे जाऊन उभे राहायचे. डबा पोचला की नाही ते बघायला थांबायचे, पण दिसायचं नाही. बायकांनी खिडकीतून ‘काशिनाथराव!’ अशी हाक मारली की सायकल हातात धरून पळत सुटायचे, तिच्यावर बसायचंही सुचायचं नाही. इतका लाजरा पुरुष मी नंतर पाहिला नाही. ताईच सांगायच्या, “मुलीकडे कल्याणला गेला की दिवसभर पाणी पीत नाय. चाळीत संडास समोरासमोर. बायका बघतात म्हणतो. अरे, बायकांना काय काम नाय का तुझ्याकडे बघायला?”

हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक असायचं. मला ते तेव्हाही कळायचं, आणि थोडं झोंबायचंही.

कंपनीत डॉक्टर आले होते एकदा, आपली वस्तू कशी वापरतात ते समजावून द्यायला. बाकीच्या बायका आकृत्या बघून अर्ध्या झोपल्या. ताईंनी एकच प्रश्न विचारला. “एवढा वेळ उताणा ठेवला तर माणसाने मुतायचं कसं?”

डॉक्टर सज्जन. म्हणाले, “भांडं देतात. पण तुम्ही म्हणता ते बरोबर, पेशंटना त्याचाच सगळ्यात त्रास होतो. पुष्कळांना झोपून होतच नाही.”

“मग तेच सांगा ना,” ताई म्हणाल्या. “उगाच एवढी चित्रं काढत बसलाव.”

त्या दिवसापासून नव्या मुली कामावर आल्या की ताईंचं भाषण ठरलेलं. टिकली चिमट्यात धरून दाखवायच्या. “हे काय हाय, ठाव हाय? साहेब सांगतील धमनी नि फमनी. ते सोड. ही म्हाताऱ्या माणसाला उठून मुतायला जायची मोकळीक हाय. त्याची अब्रू तुझ्या गाठीत हाय. गाठ नीट मार.” पोरी लाजून लाल व्हायच्या, पण गाठ नीट मारायच्या. ताईंच्या ओळीतले नग मी क्वचित नापास केले. केले तर त्या भांडायच्या नाहीत. भिंगातून स्वतः बघायच्या, “बरं” म्हणायच्या आणि ज्या पोरीने बांधलेला तिच्यामागे जाऊन उभ्या राहायच्या. ओरडायच्या नाहीत. नुसतं उभं राहायच्या. पोरीला ते पुरायचं.

गोऱ्या साहेबाची गोष्ट सांगितल्याशिवाय ताई पुऱ्या व्हायच्या नाहीत. माल सगळा बाहेरदेशी जायचा. तिकडून एक उंचेला, लालबुंद गोरा कारखाना तपासायला आला. मॅनेजर त्याच्या पुढेमागे नाचत होता. क्लीनरूमच्या दाराशी ताईंनी हात आडवा घातला.

“ह्यांच्या बोटात काय हाय?”

लग्नाची अंगठी होती. मॅनेजर म्हणाला, “अहो ताई, ते पाहुणे आहेत, असू द्या.”

“मग आमी काय घरच्या म्हणून आमचे मणी माहेरी, नि पाहुण्यांचे गळ्यात? त्यांचे पण पाठवा.”

मॅनेजरला घाम फुटला. गोऱ्याने विचारलं काय झालं, कोणीतरी सांगितलं, आणि तो एकदम ओशाळला. नियम त्याच्याच कंपनीने केलेला होता. अंगठी निघेना, साबण लावून ओढून काढली. संध्याकाळी तो जायला निघाला तर ताईंनी त्याला रांगेत उभा केला. “कुंदे, घाल.”

मी म्हटलं, “ताई, मी नाही हां.”

“घाल गो, उशीर होतोय त्याला.”

आणि मी, शहापूरची कुंदा, तिशी पार, लग्नाविना, एका साडेसहा फुटी गोऱ्याच्या बोटात अंगठी घातली. पोरींनी टाळ्या पिटल्या. ताईंनी खुणेने त्याला नाव घ्यायला लावलं. तो म्हणाला, “मार्गरेट.” एवढंच म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते. आम्हाला कळेना का. नंतर कळलं, बायको कधीची आजारी होती. ताई म्हणाल्या, “नुसतं नाव घेतलं तरी चालतं कधी कधी. हाक लागली की झालं.” मला मात्र पुढे कित्येक महिने पोरींनी सोडलं नाही. उशीर झाला की विचारायच्या, ‘काय गो, सासरहून फोन होता?’

मग काशिनाथरावांच्या छातीत दुखायला लागलं. लावणीच्या वेळी चिखलात उभे असताना पहिल्यांदा. त्यांनी ते पित्त म्हणून अंगावर काढलं. शेवटी कल्याणच्या दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, जांघेतून नळी घालून तपासणी करू.

ताईंनी मला कँटीनमध्ये गाठलं. “कुंदे, तिथं आपली टिकली घालतात का गो?”

मी चौकशी केली. नव्हते घालत. तिथेच काय, आसपास कुठेच नाही. आपल्याकडे ती विकायलाच नव्हती. खोकी मुरबाडहून भरून थेट बंदरावर जायची. मी मॅनेजरला विचारलं, एखादा नग देता येईल का. तो म्हणाला, “अहो, त्याला परवाने असतात, आणि वापरायला शिकलेला डॉक्टर लागतो. असं डब्यात घालून नेता येत नाही.” तो खोटं बोलत नव्हता. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं. मग भांडं.”

आणि त्यांनी नवऱ्याला शिकवलं. मला घरचं सगळं सांगायच्या म्हणून माहीत आहे. ओटीवर उताणा झोपवला, मांडीवर तांदळाची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, “आता काय वाट्टेल ते झालं तरी उठायचं नाय. पाय वाकवायचा नाय. लागली की भांडं मागायचं. नर्स आली तरी मागायचं, सून असली तरी मागायचं.” काशिनाथराव ‘हो’ म्हणाले. ताई म्हणाल्या, “तीनदा हो म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.”

तपासणीच्या दिवशी ताईंनी रजा टाकली होती. काशिनाथरावांनीच त्यांना कामावर पाठवलं. “तू तिथं बसून काय करशील? विलास हाय, सून हाय. तू असलीस की मला जास्त भ्या वाटतं.” विलास म्हणजे थोरला मुलगा. ताई आल्या, मणी माहेरी पाठवले आणि आत जाऊन बसल्या. दुपारी विलासचा फोन आला, तपासणी नीट झाली, बाबा पडून आहेत. मी काचेतून अंगठा वर करून दाखवला. ताईंनी नुसती मान हलवली आणि पुढची टिकली उचलली.

दुसरा फोन पाळी सुटायच्या थोडं आधी आला. माझ्याच टेबलावर. विलास होता. म्हणाला, “मावशी, बाबा गेले.”

तो चहा आणायला खाली गेला होता. खोलीत सून एकटी. काशिनाथरावांनी तिला पाणी आणायला पाठवलं. पाणी त्यांना नकोच होतं. ती वळताच ते उठले, भिंत धरून संडासापर्यंत चालत गेले आणि परत येऊन पुन्हा उताणे झोपले, जसं काही झालंच नाही. जांघेवर रक्ताचा टिपूस नव्हता. ते आतल्या आत पोटात उतरत होतं. पाठ दुखते म्हणाले, गार वाटतंय म्हणाले. उठून आलो हे मात्र कोणालाच सांगितलं नाही. नर्स आली, घाम बघून डॉक्टर धावले, तेव्हा शेवटी डॉक्टरांच्या कानात म्हणाले. तोवर उशीर झाला होता.

विलास म्हणाला, “आईला सांगू नका. नुसतं घरी पाठवा. सिरियस आहे म्हणा.”

आपल्याकडे असंच करतात. गेलेल्या माणसाला घरापर्यंत सिरियस ठेवतात. मी फोन ठेवला, मॅनेजरला सांगितलं, त्याने जीप काढायला लावली. मला काही वाटत नव्हतं. हे मी आज सांगते आहे म्हणून कोणाला खोटं वाटेल, पण खरंच काही वाटत नव्हतं. हात धुतले. पुसले. पाळी सुटल्याची घंटा झाली आणि पाय मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेले, कारण रोज त्या घंटेला मी तिथेच जायचे.

रांग उभी होती. मी डब्या उघडत गेले, घालत गेले. कोणी काय उखाणा घेतला आठवत नाही. हसणं चाललं होतं. एकेक मान पुढे येत होती आणि मी मनाशी म्हणत होते, अजून पाच आहेत, अजून चार आहेत, काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही. ताई समोर आल्या.

मी त्यांची डबी उघडली. दोन वाट्या, काळे मणी, मधे एक पोवळं. हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. घातलं तर मेलेल्या माणसाच्या नावाचं मंगळसूत्र त्याच्या बायकोच्या गळ्यात घालते आहे. नाही घातलं तर सगळ्यांसमोर, इथेच, मी तिला विधवा करते आहे. आणि त्या दोन्हींतलं काहीतरी मला लगेच, आत्ताच, करायला हवं होतं.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान खाली केली. रोज करायच्या त्याहून जास्त खाली.

“घाल गो.”

मी घातलं. त्यांनी दोन्ही वाट्या सरळ केल्या, पदराखाली घेतल्या आणि म्हणाल्या, “काशिनाथ.”

बायका ओरडल्या, “ताई, असं नाय चालत! नीट घ्या!” एकजण म्हणाली, “आज भात संपला काय?” हशा झाला. ताईंनी कोणाकडे पाहिलं नाही. चपला घातल्या, पिशवी घेतली आणि माझा दंड धरून म्हणाल्या, “गाडी आणलीव ना? चल.”

जीपमध्ये मी शेजारी बसले होते. टोकावड्यापर्यंत त्या बाहेर बघत होत्या. सिद्धगडावर ऊन होतं. मधे एकदा म्हणाल्या, “उठला असंल.” मी हो म्हटलं. एवढंच आमचं बोलणं झालं. त्यांच्या दारात बायका आधीच जमल्या होत्या. जीप बघताच त्यांनी गळा काढला आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी पुढे येऊन ताईंना धरून आत घेऊन गेल्या. मी जीपमधून उतरलेही नाही.

दहावं-तेरावं झालं आणि ताई कामावर आल्या. गाठ तशीच घट्ट, तशीच एकसारखी. रडल्या नाहीत. नव्या मुलींना करायचं ते भाषण बंद झालं. रिकाम्या डबीत मिसरी ठेवायला लागल्या. संध्याकाळी रांग लागली की सगळ्यांच्या आधी निघून गाडीत जाऊन बसायच्या. रांग त्यांच्यानंतरही चालू राहिली, पण उखाणे हळूहळू आटले. बायका मंगळसूत्र घालून घ्यायच्या आणि जायच्या.

एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, त्या माझ्या टेबलाशी आल्या. माझ्यापुढे नापास नगांचा ट्रे होता. ते जाळायला जायचे. कशाला दोऱ्याचा तंतू सुटलेला, कशाची टिकली जरा तिरकी. ताई वाकून त्या ट्रेकडे बघत राहिल्या.

“ह्यातलं एखादं चाललं असतं का गो?”

मी म्हटलं, “नाही, ताई.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. माझं उत्तर खरं होतं की खोटं, मला आजही ठाऊक नाही.

पुढे काही वर्षांनी कंपनीने तो विभाग दुसरीकडे हलवला. बायका पांगल्या. कोणी पोल्ट्रीवर, कोणी ढाब्यावर भाकऱ्या थापायला. माझं लग्न झालं, चाळिशीला आल्यावर, टोकावड्याच्या एका शिक्षकाशी. त्यांची पहिली बायको वारली होती. ताईंना पत्रिका द्यायला मी स्वतः गेले. त्या म्हणाल्या, “येते.” आल्या नाहीत. का ते मला माहीत होतं. कोणी त्यांना अडवलं नसतं, पण विधवा म्हणून मांडवात मागे कुठे बसायचं ते त्यांनीच ठरवलं असतं, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते टोकावड्याच्या नाक्यावर. मी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. ढाब्याच्या सावलीत त्या एसटीची वाट बघत बसलेल्या. केस पांढरे, खांदे तसेच रुंद. माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, भिंगाखाली धरल्यासारखं. आणि म्हणाल्या, “हे काय गो तुझ्या गळ्यात?”

माझं मंगळसूत्र साडीच्या पिनेत अडकून उलटंपालटं झालं होतं. वाट्या पाठीवर गेल्या होत्या. मी हात लावणार तेवढ्यात त्या उठल्या, पिन सोडवली, मंगळसूत्र माझ्या डोक्यावरून काढून घेतलं आणि गुंता सोडवायला लागल्या. ढाब्यावरची बाई हातातलं काम टाकून बघायला लागली. तिला दोघींचेही गळे दिसत होते. ताईंची बोटं तशीच होती, बारीक आणि सावकाश.

मला तेव्हाच विचारायचं सुचलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. “ताई, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना?”

“तुझ्या तोंडावर होतं की सगळं.”

“मग का घालायला सांगितलंत?”

त्यांनी गुंता सोडवला. मणी बोटांवरून एकदा ओघळू दिले. “काढणाऱ्या घरी जमल्याच होत्या गो,” म्हणाल्या. “घालणारी तू एकटीच होतीस.”

आणि माझ्या गळ्यात घातलं. वाट्या समोर आणून सरळ केल्या.

आळेफाट्याची गाडी आली. थांबली न थांबली तोच कंडक्टरने घंटा मारली. ताई पिशवी सावरत चढल्या, मागच्या खिडकीशी बसल्या. मी तशीच उभी. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि ओरडल्या, “नाव घेतलं नायस!”

मला एकही उखाणा आठवेना. नाक्यावर माणसं उभी होती, ढाब्यावर माणसं जेवत होती, त्यांच्यातली निम्मी नवऱ्याचे विद्यार्थी. मी गाडीमागे चार पावलं पळाले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्याने, नुसतं नाव. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. गाडी माळशेजकडे गेली आणि मी पिशवी उचलून घरी आले.